तातडीची पात्रता

कडकमावशी दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा थोरलीचं लक्ष आधी तिच्या दंडांकडे गेलं. दोन्हीकडे जांभळे डाग, एकेक तळहाताएवढा, कोणी धरून मारल्यासारखे. पण कडकमावशीवर हात उचलणारा अजून जन्माला यायचा होता, हे त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्यांचे कपडे धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत ती इस्त्रीखात्यावर होती. तिच्या हातची कॉलर आठवडाभर मान ताठ ठेवून राही, आणि जीभही त्याच घडणीची, म्हणून हे नाव पडलेलं.

"असं बघू नका," ती म्हणाली. "दात घासताना रक्त येतंय. हिरड्यांना लावायला काही असेल तर द्या, नाहीतर मी चालले."

"आधी बसा, मावशी."

"बसायला वेळ कुठाय? मुकादम झालेय मी आता."

"मुकादमांनाही खुर्ची चालते," थोरली म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली. आवाज तिने नेहमीसारखा ठेवला.

घरात ती थोरली, म्हणजे दोन जावांतली मोठी. दवाखान्यात सगळ्यांची सिस्टर. साध्या नर्सच्या वरचं शिक्षण तिने लग्नानंतर घेतलं होतं. पेशंट तपासायचा, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं, डोस कमीजास्त करायचा, हे सगळं तिला स्वतःच्या सहीने करता येत असे. वस्तीत डॉक्टर टिकत नव्हते, म्हणून सरकारनेच ही सोय केली होती. फक्त त्या सोयीला एक शेपूट होतं: हा अधिकार सरकारी विम्याचं कार्ड असलेल्या पेशंटपुरता. बाकीच्यांसाठी शहरातला डॉक्टर, जो असे अनेक दवाखाने फोनवर सांभाळायचा आणि आठवड्यातून एकदा चक्कर मारायचा. म्हणजे बाई तीच, आजार तोच, गोळीही तीच. पण कार्ड चालू असेल तर थोरलीची सही म्हणजे उपचार, आणि कार्ड बंद पडलं की तीच सही म्हणजे गुन्हा.

कडकमावशीचं कार्ड बंद पडलं होतं. मुकादम झाल्यावर पगार वाढला, तो विम्याच्या मर्यादेच्या जेमतेम वर गेला, आणि पात्रता कार्यालयाने तिचं नाव काढून टाकलं. ते काढणारा हात थोरलीच्या घरातलाच होता. तिची धाकटी जाऊ त्या कार्यालयात पात्रता अधिकारी होती, नोकरीत अजून कायम न झालेली.

या गोष्टीवरून घरात एकदा भांडण होऊन गेलं होतं. "माझ्यासमोर नाव नसतं, जाऊबाई, नंबर असतो," धाकटी तेव्हा म्हणाली होती. "नंबर मर्यादेच्या वर गेला की काढायचा. मी नाही काढला तर मला काढतील." थोरली त्यावर काहीतरी लागट बोलली होती. सासूबाईंनी दोघींच्या मध्ये भाजीचं पातेलं आणून ठेवलं आणि विषय तिथेच थांबला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या.

कडकमावशीच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्मभर घ्यायची होती. ही गोळी मोठी खोडकर. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. म्हणून दर महिन्याला बोटाला टोचून रक्ताचा आकडा पाहायचा आणि डोस ठरवायचा. कित्येक वर्षं हे थोरलीच करत आली होती. कार्ड गेल्यापासून मावशी फिरकली नव्हती.

"बोट द्या."

"कार्ड नाही माझ्याकडे."

"टोचायला कार्ड लागत नाही. टोचणं कुठलीही नर्स टोचू शकते."

थेंब पट्टीवर पडला. यंत्राने बराच वेळ घेतला आणि आकडा दाखवलाच नाही. नुसता वर तोंड केलेला बाण, म्हणजे रक्त यंत्राच्या मोजण्यापलीकडे पातळ. थोरलीने पट्टी बदलली, दुसरं बोट टोचलं. पुन्हा बाण. पहिल्या बोटातून अजून रक्त ठिबकत होतं.

"मावशी, एवढ्यात दुसरं काही औषध घेतलंत?"

"खोकला होता. खात्यातल्या एकीकडे कॅप्सूल उरल्या होत्या, त्या घेतल्या. तिचा खोकला गेला होता त्याने."

"आणि रक्ताची गोळी?"

"ती रोजची. तुम्हीच सांगितलेली, कधी चुकवायची नाही म्हणून. दुकानातून आणते, पदरचे घालून."

त्या कॅप्सूलने गोळीचा जोर कित्येक पटीने वाढवला होता, आणि मध्ये एकदाही आकडा पाहिला गेला नव्हता. मावशीने सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलं होतं, आणि त्यानेच ती मरणाच्या दारात येऊन बसली होती.

"तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात जायला हवं. आत्ता. मी गाडी बोलावते."

"नाही."

"मावशी..."

"नाही म्हटलं ना. माझ्या बहिणीला नेलं होतं कार्ड नसताना. अजून तिच्या पगारातून कापतायत. बहीण बरी झाली नाही ती नाहीच, आणि कापणं चालूच. तुम्हाला जमत असेल तर इथे करा. नाहीतर मी हिरड्यांना मीठ लावते आणि कामावर जाते."

थोरलीने फोन हातात घेतला, पण गाडीचा नंबर लावला नाही. आधी डॉक्टरला विचारू, मग मावशी वळेल, असं तिने मनाशी म्हटलं. पुढे कितीतरी दिवस तिला हाच क्षण खात राहिला.

डॉक्टरने सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट तर मुळीच नव्हता. "तिला गाडीत घाला," तो म्हणाला.

"ती तयार नाही."

"मग तयार करा. पटवा, रागवा, काय वाटेल ते करा."

"तोपर्यंत रक्त गोठायला व्हिटॅमिन के द्यायला हवं, थोडंसं, तोंडाने. माझ्याकडे आहे. तुम्ही सांगितलंत असं लिहिते."

"मी तिला पाहिलेलं नाही. कार्ड गेलं म्हणून ती तुमच्या यादीत नाही, आणि माझ्याकडे ती कधी आलीच नाही. धातूची झडप आहे, औषध जास्त झालं तर उलटी गुठळी धरेल. फोनवर असल्या बाईला मी काहीही देणार नाही, आणि तुम्हाला तर द्यायचा अधिकारच नाही. गाडी बोलवा, सिस्टर." पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मावशी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसली होती. तोंड पुसलेल्या रुमालावर लाल ठिपके होते. थोरली आतल्या खोलीत गेली आणि तिने धाकटीला फोन लावला.

"जाऊबाई, मी ऑफिसात आहे."

"एक कार्ड चालू करायचंय. कडकमावशीचं."

"तो काय नळ आहे, फिरवला की चालू व्हायला?"

"ती मरेल गं."

मागे टाइप करण्याचा, खुर्च्या सरकण्याचा आवाज येत होता.

"तातडीची पात्रता म्हणून काहीतरी असतं ना?" थोरलीने विचारलं.

"असते. अधिकाऱ्याने स्वतः जाऊन पेशंट पाहायचा, जिवाला धोका आहे असं स्वतःच्या नावावर लिहायचं. चुकलं तर सगळं अधिकाऱ्याच्या अंगावर. आमच्याकडे आजवर कोणी वापरलेली नाही. साहेब म्हणतात, ते कलम शोभेला आहे." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझं कायम व्हायचं याच महिन्यात आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"ठेवते मी," धाकटी म्हणाली, आणि तिने ठेवला.

थोरली कपाटापुढे उभी राहिली. व्हिटॅमिन के नवजात बाळांसाठी ठेवलेलं असायचं. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, एक मूल किरकिरत होतं. आपण काय करायला निघालो आहोत हे तिला पक्कं माहीत होतं. कार्ड नसलेल्या पेशंटला औषध देणं म्हणजे परवान्यावर पाणी सोडणं. आणि डॉक्टर झडपेबद्दल बोलला होता तेही खरंच होतं. थोडं पुरलं नाही तर रक्त थांबणार नाही, जास्त झालं तर झडप अडकेल. दोन्हीकडून मरण, मध्ये अरुंद पायवाट.

तिने दोन कुप्या फोडल्या. औषध सिरिंजमध्ये ओढलं, सुई काढून टाकली, पेल्यात थोड्या पाण्यात सोडलं. वेळ पाहिली, केसपेपरवर लिहिली, खाली सही केली. 

"हे प्या. आणि रक्ताची गोळी आज बंद."

मावशीने एका घोटात पेला रिकामा केला. "कडू नाही," ती म्हणाली. "म्हणजे काही गुण यायचा नाही."

थोरलीने तिला आतल्या पलंगावर आडवं केलं आणि बाहेरचे पेशंट पाहायला सुरुवात केली. दर पेशंटनंतर ती आत डोकावत होती. नाडी ठीक, रक्तदाब जरा जास्त. औषधाला काम करायला कित्येक तास लागणार होते. किरकिरणाऱ्या मुलाचा कान तपासून ती पुन्हा आत गेली तेव्हा मावशी डोळे मिटून कपाळ चोळत होती.

"काय झालं?"

"काही नाही. डोकं ठणकतंय. कालपासूनच आहे."

"कालपासून? मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषधांचं विचारलंत, डोक्याचं कुठे विचारलंत? कामावर इस्त्रीच्या प्रेसचं झाकण लागलं जरासं. टेंगूळसुद्धा आलं नाही."

टेंगूळ आलं नव्हतं, कारण रक्त बाहेर जमलंच नव्हतं. तिने टॉर्च घेतला. बाहुल्या सारख्या होत्या. "दोन्ही हात पुढे धरा. डोळे मिटा." उजवा हात जिथल्या तिथे राहिला. डावा हळूहळू खाली आला, आणि मावशीला ते कळलंही नाही.

आता पटवणं, विचारणं काही उरलं नव्हतं. थोरलीने गाडी बोलावली.

"कोणाला फोन केलात?" मावशी उठून बसली. "मी नाही म्हटलं होतं."

"डोक्यात रक्त साचतंय, मावशी. इथे माझ्याच्याने काही होणार नाही."

"मघाशी औषध दिलंत ते?"

"ते पुरणार नाही."

मावशीने पाय खाली सोडले, चपला शोधल्या. डावी चप्पल पायात जाईना. तिने ती तशीच टाकली आणि एका पायात चप्पल घालून दाराकडे निघाली. थोरली दारात आडवी उभी राहिली.

"बाजूला व्हा."

"नाही."

"तुम्ही मला डांबून ठेवणार? कुठल्या अधिकाराने?"

"कुठल्याच नाही," थोरली म्हणाली. "अधिकार कसलाच नाही माझ्याकडे. तरी बाजूला होणार नाही."

बाहेर बाकावरची माणसं माना वळवून पाहत होती. मावशीचा श्वास थोरलीच्या तोंडावर येत होता, रक्ताचा वास असलेला. ती ढकलणार, असं थोरलीला वाटलं, आणि ढकलताना मावशीच पडली तर सगळंच संपलं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "जरा आत येऊ द्याल का?"

धाकटी होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बगलेत फाइल, धापा टाकत. बस अर्ध्या वाटेत अडकली म्हणून पुढचं अंतर ती चालत आली होती, आणि चालण्यात तिची ख्याती नव्हती.

तिने मावशीकडे पाहिलं. दंडावरचे डाग, रुमाल, एका पायातली चप्पल.

"ह्याच?"

"ह्याच," थोरली म्हणाली.

"तुम्हीच का त्या, कार्ड कापणाऱ्या?" मावशीने विचारलं. जीभ किंचित जड झाली होती. 'कापणाऱ्या' म्हणताना ती अडखळली.

"हो, मीच," धाकटी म्हणाली. मग तिने मावशीचा कोपर धरला. "बसा. चार प्रश्न विचारायचेत, तेवढी उत्तरं द्या, म्हणजे कार्ड चालू होईल. हॉस्पिटलात कोणी काही कापणार नाही. लिहून देते."

"कोणाच्या जिवावर?"

"माझ्या."

मावशीने एकदा तिच्याकडे, एकदा थोरलीकडे पाहिलं, आणि ती बसली. धाकटीने फाइल गुडघ्यावर घेतली. नाव, वय, काय होतंय, कोणी तपासलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"औषध दिलंत का काही?"

"दिलं. तू येण्याच्या आधी."

धाकटीने आवाज खाली आणला. "कार्ड मी सही करेन तिथपासून चालू होणार. त्याआधीचं औषध तुमच्या अंगावर राहील. थोडी अलीकडची वेळ घातली तर कोणाला कळणारही नाही."

थोरलीला मोह झाला नाही असं नाही. क्षणभर तिने केसपेपरकडे पाहिलंही. "हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच विचारतील, औषध कधी पोटात गेलं," ती म्हणाली. "त्यावर पुढचा डोस ठरतो. खोटी वेळ घातली तर ते चुकीचा हिशेब करतील, आणि धातूची झडप आहे. जे झालं ते लिही."

"जाऊबाई, परवाना जाईल."

"लिही गं."

धाकटीने लिहिलं. गाडी आली तेव्हा मावशीला धड उभं राहता येत नव्हतं. तिला आत घेताना धाकटीही चढली. हॉस्पिटलच्या खिडकीवर कोणी फाटे फोडले तर समोर अधिकारी हवा, म्हणाली. थोरलीने केसपेपर तिच्या हातात दिला आणि वळून बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्याच्या पायावरची जखम बांधताना तिने पट्टी दोनदा उलगडून पुन्हा गुंडाळली.

फोन आला तेव्हा ती दवाखाना आवरत होती. "कवटीला भोक पाडून रक्त काढलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "जाग आलीय. डॉक्टरला म्हणाली, तुमच्या कोटाला इस्त्री कोणी केली, त्याला कामावरून काढा." मग ती फोनवरच रडायला लागली, आणि थोरली हातात झाडू धरून तशीच उभी राहिली.

थोरलीच्या परवान्याची चौकशी झाली. एका लांबट खोलीत लांबट टेबल, पलीकडे तीन माणसं. डॉक्टरला साक्षीला बोलावलं होतं. तो म्हणाला, औषध योग्य होतं, डोसही योग्य होता, पण तो द्यायचा अधिकार यांना नव्हता. आणि गाडी आधी बोलवायला हवी होती. औषधाने वेळ मिळेल असं समजून यांनी वेळ घालवला. मग तो थांबला. "फोन मी ठेवला," तो म्हणाला. "मी परत लावायला हवा होता. तेही लिहून घ्या."

थोरलीने काही नाकारलं नाही. "ती नाही म्हणाली आणि मी तिचं ऐकलं," ती म्हणाली. "तिथे चुकले."

"पुन्हा असा पेशंट आला तर काय कराल?" मधल्या बाईंनी विचारलं.

"गाडी आधी बोलावीन."

"आणि औषध?"

थोरली पाणी प्यायली. "देईन," ती म्हणाली.

हे उत्तर दिलं नसतं तर कदाचित निभावलं असतं, असं नंतर सगळे म्हणाले. तिचा औषध लिहून द्यायचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला. ती दवाखान्यात जायची, पण आता टोचायचं, जखमा बांधायच्या, वजनं घ्यायची आणि डॉक्टरच्या फोनची वाट पाहायची. कार्ड असलेले पेशंटही ताटकळू लागले. काही जण दुपारपर्यंत बसून तसेच निघून जात, आणि ते कोण गेले, कशाने आजारी होते, हे तिला रोज दिसत होतं. ती शिक्षा तिला खरी लागली.

धाकटीला कायम केलं नाही. वर्षभर आणखी पाहू म्हणाले. साहेबांनी बोलावून झाडलं. पण पुढच्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हळूच येऊन विचारलं, ते शोभेचं कलम नक्की कसं भरायचं. घरात दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. फार काही नाही, पण भांडी घासताना एकमेकींच्या साहेबांना नावं ठेवण्याइतपत. सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा तुमचं भांडण बरं होतं, स्वयंपाकघरात शांतता तरी होती.

तातडीचं कार्ड तीन महिन्यांचं होतं. ते संपत आलं तेव्हा कडकमावशी दवाखान्यात आली. डोक्यावर केस खुंटासारखे उगवले होते, डाव्या हाताची बोटं अजून नीट वळत नव्हती. नवी पात्रता तपासायला धाकटीही आली होती. अशा पेशंटना अधिकाऱ्याने भेटून पाहायचं, हे तिने आपल्या आपणच सुरू केलं होतं.

"पगाराचा दाखला आणलाय," मावशी म्हणाली. "मुकादमी सोडली. पुन्हा खात्यात साधी बाई. पगार मर्यादेच्या खाली."

थोरलीने चमकून पाहिलं. "या हाताने इस्त्री करता तुम्ही?"

"इस्त्री कोण करतंय? मुकादमाचंच काम करते, नाव दुसरीचं आहे. पगार कमी करा म्हणून अर्ज करणारी मी पहिलीच, असं मालक म्हणाला. आधी त्याला वाटलं, डोक्याच्या ऑपरेशनचा परिणाम आहे."

धाकटीने दाखला वाचला. मग तिने पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. थोरलीला वाटलं, ही आता विचारणार, काम तेच असताना पगार कमी कसा झाला. तसं विचारणं तिच्या कामातच बसत होतं.

"पगार कमी झालाय?" धाकटीने विचारलं.

"झालाय."

"मला तेवढंच विचारायचं असतं," ती म्हणाली आणि सही केली.

थोरलीने मावशीचं बोट टोचलं. यंत्राने या वेळी आकडा दाखवला; हवा त्याहून थोडा खाली होता. डोस किंचित वाढवायचा, हे तिला तिथल्या तिथे कळलं. तिने फोन उचलला, डॉक्टरचा नंबर लावला, आणि तो घेईपर्यंत तिघीजणी वाट पाहत बसल्या.